बायडाबाईचा नमुना

बायडाबाई ज्ञानू शिंगे हिला जमीन डोळ्यांनी बघावी लागत नसे. खुरपं मातीत घातलं, मनगटाला काय जाणवतंय ते क्षणभर पाहिलं, की तिचं मत तयार. आणि तयार झालेलं मत पोटात ठेवावं, असा तिचा स्वभाव नव्हता. "आण्णा, तुमची जमीन बोलाय लागली," असं ती एखाद्या शेतकऱ्याला बांधावर उभी राहून ऐकवायची. जमीन बोलणं हे तिच्या लेखी दुखणं होतं. बऱ्या मातीत खुरपं गपकन आत जातं, आवाज करत नाही. बिघडलेल्या मातीत ते कुरकुरतं, घासतं, खडा नसला तरी खडा लागल्यासारखं खणकतं. शेतकरी हसायचे. ती मुकाट खाली बसून पुढची सरी धरायची.

तिचं गाव बिद्रीपासून चार मैलांवर, दूधगंगेच्या काठाला. गावाच्या कडेला बौद्धवस्ती, तिथं तिचं दोन खोल्यांचं घर. नवरा ज्ञानू वीटभट्टीवर जायचा आणि ही भांगलणीच्या बायकांची पुढारीण होती. उसाच्या सऱ्यांत बसून खुरप्यानं तण काढायचं, दिवसभर, उकिडवं, पुढं सरकत. टोळीत अकरा बायका. कुणाच्या शेतात कधी जायचं, कुठली बाई कुठल्या सरीला लावायची, मालकानं दुपारचा चहा दिला नाही तर काय बोलायचं, हे सगळं बायडाबाई ठरवायची. बोलताना ती त्या भागातल्या सगळ्या बायकांसारखी 'आलो, गेलो' असंच म्हणायची.

तिचं आणखी एक माप होतं. गांडुळाला त्या भागात दानवं म्हणतात. अंगात एक हाड नाही आणि नाव राक्षसाचं. ठेवणाऱ्यानं काय बघून ठेवलं, देव जाणे. खुरप्याच्या एका फटक्याला दोन दानवं वर आली तर जमीन धडधाकट, एक आलं तर बरी, पाच फटक्यांत एकही आलं नाही तर त्या शेताचं काही खरं नाही, असं तिचं साधं गणित होतं. चुकून खुरप्यानं दानवं तुटलं तर ती जीभ चावायची.

या गणितात सगळ्यांत वरचा नंबर गणपती डाफळे यांच्या उंबरपट्ट्याचा होता. अडीच एकराचं काळं रान, वरच्या कोपऱ्यात बांधावर जुनं उंबराचं झाड. झाडाखाली डाफळ्यांची बैलं बांधायची पिढीजात जागा, शेणखताची गाडीही तिथंच उतरायची. बायडाबाई एकाहत्तर साली लग्न होऊन गावात आली आणि आठव्या दिवशी याच शेतात भांगलायला बसली. तेव्हापासून उंबरपट्ट्याची एक सरी अशी नव्हती जिच्यात तिचं खुरपं फिरलं नाही. डाफळ्यांच्या घरी तिचा चहाचा कप गोठ्यातल्या कोनाड्यात असायचा, घरात नव्हे. पेरणी, भांगलण, खत घालणं मात्र तिच्या हातचं चालायचं. त्याबद्दल कुणी काही बोलत नसे. तीही बोलत नसे, फक्त कप स्वतःच्या पदरानं पुसून घ्यायची.

इथं थोडी गुळाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या गुळातून निघाला. ब्याण्णव सालापर्यंत गणपतीचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. गूळ कोल्हापूरला शाहूपुरीच्या बाजारात जायचा. व्यापारी काही सगळे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, बघत बसत नसे. वरचा एक रवा फोडायचा, रंग बघायचा, बोटांत चुरायचा आणि त्यावर सगळ्या मालाचा भाव ठरायचा. त्या एका रव्याला म्हणायचं नमुना. म्हणून गाडी भरताना गणपती स्वतः सगळे रवे उन्हात धरून बघायचा, त्यातला सगळ्यांत पिवळाधमक निवडायचा आणि धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून वर ठेवायचा. बायडाबाई तिथं चिपाडं वाळवायला असायची. "नमुना म्हंजे घराची अब्रू हाय, बायडाबाई," असं त्यानं तिला पन्नास वेळा ऐकवलं होतं. नमुना म्हणजे असेल त्यातलं सगळ्यांत चांगलं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं ते असं.

चौऱ्याण्णव साली उसाला हुमणी लागली. मातीतली पांढरी, वाकडी अळी. मुळं खाते आणि वर उभा ऊस वाळत जातो. गणपतीनं दुकानातून दाणेदार औषध आणलं. ते खतात मिसळून सरीनं टाकायचं होतं. टाकायचं कशानं, तर हातानं. पाच बायकांनी लुगड्याचा ओटा खोवला, त्यात खत भरून घेतलं आणि मूठमूठ सोडत निघाल्या. दुपारपर्यंत दोघींना ओकाऱ्या झाल्या, बायडाबाईचे हात कोपरापर्यंत चुरचुरायला लागले. गणपतीच्या बायकोनं, मीनाबाईनं, गूळपाणी आणून दिलं आणि म्हणाली, "उन्हानं झालं असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेतात आल्या तर सरीभर दानवं वर येऊन पडली होती. शेकड्यांनी. काही नुसती पसरलेली, काही अजून गाठी मारत होती, मुंग्या लागल्या होत्या. बगळे उतरले आणि आयतं जेवण मिळाल्यासारखे टिपत सुटले. संध्याकाळी त्यातले दोन बगळे बांधाला मान टाकून पडलेले सापडले. एवढी दानवं या रानात होती, हे बायडाबाईलाही ती सगळी मेल्यावरच कळलं.

"आण्णा, हुमणीसंगं दानवं बी गेली की सगळी," ती म्हणाली.

"गेली तर गेली," गणपती म्हणाला. त्याच्या हातात मेलेल्या हुमण्यांनी भरलेला डबा होता आणि तो खुशीत होता. "ती काय ऊस देत्यात व्हय?"

पुढच्या वर्षी, एप्रिलात, ऊस तुटून रान मोकळं झालं. त्या सुमारास शेती खात्याचा माणूस गावात आला आणि जमिनीची फुकट तपासणी करून देतो म्हणाला. त्यानं निवडक शेतकऱ्यांना एकेक कापडी पिशवी, एकेक अर्ज आणि छापील कागद दिला. माती कशी काढायची ते त्यात लिहिलं होतं. पिशव्या तिसऱ्या दिवशी सकाळी गोळा करणार होता. गणपतीला मधल्या दिवशी भाचीच्या लग्नाची सुपारी फोडायला मलकापूरला जायचं होतं. त्यानं अर्ज भरून मीनाबाईजवळ दिला, कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि पिशवी बायडाबाईच्या हातात दिली.

"उंबरपट्ट्याचा नमुना काढून ठेव. उद्या सकाळी त्यो माणूस येणार हाय, वैनीकडं दे. चांगला काढ बरं. कोल्हापुरात साहेब लोक बघणार हाईत."

"व्हय आण्णा, काळजी करू नगा."

ती खोरं घेऊन गेली आणि पहिल्यांदा शेताच्या मधोमध खणली. माती ढेकळानं निघाली, राखेच्या रंगाची, हातात धरली तर खपली होऊन मोडणारी. वास घेतला तर वासच नाही. दुसरीकडं खणली, तिसरीकडं, चौथीकडं. एकही दानवं नाही. औषध टाकून वर्षही झालं नव्हतं. ती त्या ढेकळांकडं बघत उभी राहिली आणि तिला चक्क लाज वाटली. पाहुणे दारात आणि घरात साखर नाही, तशी. ही माती कोल्हापूरला जाणार, साहेब लोक चुरून बघणार आणि म्हणणार, डाफळ्यांचं रान ते हे? एवढी वर्षं भांगललेलं रान तिलाही आपलंच वाटत होतं.

मग ती उंबराखाली गेली. बैलांच्या जागेवर, बांधाला लागून. तिथं खोरं घातलं तर आवाज नाही. माती काळीभोर, दाणेदार, चहाच्या भुकटीसारखी. पाचसहा दानवं वळवळत वर आली. औषध इथवर पोचलंच नव्हतं. तिनं पिशवी भरली, चांगली गच्च भरली, आणि आत गेलेली दोन दानवं चिमटीत धरून हलकेच बाहेर काढून परत खड्ड्यात सोडली. नमुन्यात किडा दिसायला नको.

गणपतीच्या खिशातल्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, की झाडाखालची, बांधालगतची आणि जनावरं बांधायच्या जागेची माती घेऊ नये. या तिन्ही गोष्टी बायडाबाईनं एका खड्ड्यात साधल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं. गणपतीला येत होतं, पण कागद त्या वेळी मलकापूरच्या मांडवात त्याच्या खिशात होता, एसटीच्या तिकिटासह.

दोन महिन्यांनी तपासणीचं कार्ड आलं. सेंद्रिय कर्ब भरपूर, स्फुरद भरपूर, पालाश भरपूर, क्षार नाहीत, जमीन उत्तम. गणपतीनं ते दूध डेअरीत मोठ्यानं वाचून दाखवलं. मग काच आणि लाकडी चौकट बसवून घराच्या पुढच्या सोप्यात, वडिलांच्या फोटोशेजारी, खिळ्याला टांगलं. नमुना घेणाऱ्याचे नाव या रकान्यात त्याचंच नाव होतं. बायडाबाईला मीनाबाईनं गोठ्यात चहा देताना बातमी सांगितली. "आपला नमुना पास झाला बग!" बायडाबाई त्या दिवशी घरी जाताना मोठ्या तोऱ्यात गेली.

तोरा चार महिने टिकला. शेती खात्याच्या माणसानं पारावर सभा घेतली, बायकाही मागं बसल्या होत्या. तो सांगत होता, की नमुना म्हणजे निवडक माल नव्हे. शेतात नागमोडी चालत आठ ठिकाणी वीतभर खणायचं, बरी-वाईट सगळी माती एकत्र करायची, त्यातली मूठभर घ्यायची. जमीन जशी आहे तशी पिशवीत आली पाहिजे. चांगली माती पाठवली तर खोटं कार्ड येईल आणि खोट्या कार्डावर शेती केली तर तुम्हीच बुडाल.

बायडाबाईच्या डोळ्यांपुढं उंबराखालचा खड्डा आला. नमुना म्हणजे चांगलं नव्हे. नमुना म्हणजे हाय तसं. एवढीशी गोष्ट, पण ती गुळात चालत नव्हती आणि मातीत दुसरं काही चालत नव्हतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ते तिला पुढं कितीदा तरी वाटलं. पण कार्ड टांगलेलं होतं, डेअरीत वाचून झालं होतं. सांगितलं असतं तर गणपतीचं हसं झालं असतं आणि गणपतीचं हसं करणाऱ्या बाईला गावातल्या बाकीच्या शेतकऱ्यांनी कामाला कशाला बोलावलं असतं? अकरा बायकांची चूल तिच्यामागं होती. शिवाय रान दांडगं आहे, सोसेल, असाही एक विचार तिनं करून घेतला. माणूस असे विचार करून घेतो.

रान सोसत नव्हतं. कर्ब, म्हणजे शेणखतानं मातीत येणारा कस, भरपूर आहे म्हटल्यावर गणपतीनं शेणखत बंद केलं. शेणखत नको तर बैलं कशाला, म्हणून बैलं मलकापूरच्या पाहुण्याला दिली आणि नांगरटीला ट्रॅक्टर सांगायला लागला. ऊस तुटला की पाचट पेटवून द्यायचं, रान कसं स्वच्छ होतं. मग युरिया, आणि हुमणी असो नसो, दरसाल दाणेदार औषध. बायडाबाई तिच्या परीनं बोलत होती.

"आण्णा, चार गाड्या शेणखत टाका. दानवं दिसंना झाल्यात."

"बायडाबाई, कार्डावर काय लिवलंय? कोल्हापूरची शिकलेली माणसं खोटं लिवत्यात व्हय?"

"तसं न्हवं, पर जमीन बोलाय लागली हो."

"तुज्याशी बोलती, माज्याशी न्हाई बोलत," गणपती म्हणायचा आणि बांधावरची माणसं हसायची.

म्हणजे झालं असं, की तिनं तोंडानं खरं सांगितलं की तिनंच भरलेली पिशवी तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहायची. दर रविवारी विहारात वंदनेला ती बसायची. पंचशील म्हणताना पहिली तीन शीलं खणखणीत आवाजात म्हणायची. खोटं न बोलण्याचं चौथं आलं की तिचा आवाज बसायचा. शेजारी बसणाऱ्या बाळाबाईला बरीच वर्षं वाटत होतं, की बायडाबाईला जुना खोकला आहे. तिनं दोनदा अडुळशाचा काढाही आणून दिला. बायडाबाईनं तो प्यायला.

एकरी साठ टनांचं रान पन्नासवर आलं, मग चाळीसवर. पूर्वी खुरपं हंगामभर चालायचं. आता दर आठवड्याला लोहाराकडून धार लावून आणावी लागायची. पाणी दिलं की वर साचून राहायचं, आटलं की रानाला भेगा. खालच्या अंगाला पांढरी खपली धरली. गणपतीनं बेणं बदललं, मोटर बदलली, युरियाचं पोतं वाढवलं. दोन हजार पाच साली एकरी तीस टनही भरले नाहीत. कार्ड मात्र सोप्यात तसंच होतं. मीनाबाई दसऱ्याला त्याची काच पुसायची.

दोन हजार सहाच्या एप्रिलात गणपती हातात नवी पिशवी घेऊन बायडाबाईकडं आला. ती उंबरपट्ट्याच्या बांधावरच होती, धसकटं वेचत. त्याचे केस पांढरे झाले होते, आवाजातली रग उतरली होती.

"परत तपासून बगूया म्हंतो," तो म्हणाला. "ह्या खेपंला मी बी हाय संगं. पर जागा तुला ठावं. मागल्या येळंला काढलंतीस तितनंच काढ, म्हंजे फरक कळंल."

तिनं पिशवी हातात घेतली. मधोमध खणलं असतं तर अकरा वर्षांत रान कसं पडलं ते कार्डावर दिसलं असतं आणि तिचं नाव कुठंच आलं नसतं. उंबराखाली खणलं असतं तर पुन्हा जमीन उत्तम आली असती आणि गणपतीनं पुन्हा युरिया वाढवला असता. तिनं हातातली धसकटं खाली टाकली.

"चला, दावतो," ती म्हणाली आणि उंबराकडं चालू लागली.

तिथं तिनं खुरपं घातलं. माती काळीच होती अजून. दोन दानवं वर आली. गणपती वाकून बघत राहिला.

"हितनं?" तो म्हणाला. "ही काय रानातली माती हाय व्हय? हितं तर बैलं बांधत हुतो."

"व्हय. हितनंच भरलो पिशवी. तुम्ही चांगला नमुना काढ म्हणालासा. मला गुळाचा नमुना ठावं हुता. रानात खणलो, माती बगून मला लाज वाटली. म्हणून हितली भरलो."

गणपतीला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा त्याचा चेहरा काळवंडला.

"अकरा वर्सं? अकरा वर्सं तुजं खोटं माज्या सोप्यात टांगलंय? आनि तुला कळलं कवा?"

"त्याच साली. पारावरच्या सभंत."

"मग सांगिटली का न्हाईस?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून न्हवं, आण्णा. माजं काम जाईल म्हणून." मग तिचाही आवाज चढला. "चुकलो, हे कबूल हाय. पर तोंडानं मी दरसाल खरंच सांगत हुतो. दानवं मेली म्हणालो, शेणखत टाका म्हणालो, जमीन बोलती म्हणालो. ते एकदा बी ऐकलासा न्हाई. पिशवीत एकदाच खोटं भरलो, त्येला तेवढं काच बसवून लावलासा!"

"जा," गणपती म्हणाला. "माज्या रानात परत पाय ठेवू नगंस."

ती गेली. पस्तीस वर्षांचं शेत एका शब्दात सुटलं. टोळीला दुसरी कामं मिळाली, लांबची, चालत तासभर जायची, आणि बायका कुरकुरल्या. पुढच्या रविवारी विहारात तिचा आवाज चौथ्या शीलावर बसला नाही. बाळाबाई म्हणाली, "खोकला गेला वाटतं." घरी परतताना मात्र उंबरपट्टा दिसू नये म्हणून ती ओढ्याच्या वाटेनं आली, आणि तिथं एकटीच बसून रडली.

गणपती त्याच दिवशी घरी गेला, चौकट खिळ्यावरून ओढली आणि कार्ड फाडायला मागची पट्टी उचकटली. कार्डाच्या मागून घडी घातलेला एक कागद पडला. चौकटीत कार्ड सैल बसत होतं म्हणून त्यानंच पंच्याण्णव साली खिशातला तो कागद भरीला मागं घातला होता. त्यानं तो उलगडला आणि पहिल्यांदा वाचला. झाडाखालची, बांधालगतची, जनावरं बांधायच्या जागेची.

मीनाबाई दारात उभी होती. "काय लिवलंय?" तिनं विचारलं. त्यानं वाचून दाखवलं.

"तिला वाचाय येत न्हवतं," ती म्हणाली. "तुमाला येत हुतं."

गणपतीनं कार्ड फाडलं नाही. पण तो बायडाबाईकडंही गेला नाही. डाफळे मंडळी हट्टाची पक्की. वर्षभर त्यानं भांगलणीऐवजी तणनाशक मारलं. तण जळालं आणि उसाची पातीही पिवळी पडली. मग पुढच्या एप्रिलात, दिवसाउजेडी, सगळी वस्ती बघत असताना, तो बौद्धवस्तीत आला आणि शिंग्यांच्या उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला. हातात पिशवी, अर्ज आणि पिवळा पडलेला कागद.

"या की," ज्ञानू म्हणाला. "बसा, पावणं."

गणपती आत येऊन बसला. बायडाबाईनं चहा केला आणि घरातल्याच कपात दिला. तो त्यानं प्यायला. मग चष्मा लावून त्यानं तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत तिला मोठ्यानं वाचून दाखवला, सावकाश, शाळेत वाचावा तसा.

"ह्ये तवाच वाचून दावला असतासा तर," ती म्हणाली.

"व्हय," गणपती म्हणाला. "चल. काढूया."

दोघं नागमोडी चालत गेले. आठ ठिकाणी तिनं वीतभर खणलं, प्रत्येक ठिकाणी खुरपं बोललं. आठ खड्ड्यांत एक दानवं नव्हतं. खालच्या अंगाची पांढरी मातीही तिनं घेतली, लाजली नाही. घमेल्यात सगळी कालवून मूठमूठ कमी करत पिशवी भरली. बांधावर बसून गणपती अर्ज भरत होता. नमुना घेणाऱ्याचे नाव या रकान्याशी तो थांबला.

"घाला की माजं," बायडाबाई म्हणाली.

कार्ड आलं. सेंद्रिय कर्ब अत्यंत कमी, क्षार जास्त, आणि खाली शिफारशींची लांबलचक यादी. गणपतीनं ते डेअरीत नेलं नाही, पण जुन्या चौकटीत घातलं आणि त्याच खिळ्याला टांगलं. ज्या घरात तिचा कप गोठ्याच्या कोनाड्यात होता, त्या घराच्या सोप्यात बायडाबाई ज्ञानू शिंगे हे नाव काचेखाली लागलं. आलेगेलेले वाचायचे आणि विचारायचे, असलं नापास कार्ड कशाला टांगलंय? मीनाबाई सांगायची, "खरं हाय म्हणून." कप कोनाड्यातून चुलीपाशी कधी आला, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. बायडाबाईच्या आलं असावं.

दाणेदार औषध बंद झालं. पाचट पेटवायचं थांबलं, ते सरीतच कुजवायला लागले. एक हंगाम ऊस न लावता ताग पेरून तो खत म्हणून मातीत गाडला. शेजाऱ्याकडून शेणखत आणलं. गणपती तर उंबराखालची दानवं घमेल्यात भरून रानात सोडायला निघाला होता. बायडाबाईनं हात धरून थांबवलं. "त्येंनी तितं खायाचं काय, आण्णा? पोटाला हाय म्हणल्यावर आपल्या पायानं येतील." पाय नसलेल्या प्राण्याबद्दल ती असं म्हणाली, आणि दोघंही हसले.

पहिलं वर्ष काही नाही. दुसऱ्या वर्षी खुरप्याचा आवाज थोडा उतरला. दोन हजार नऊच्या डिसेंबरात, सकाळच्या उन्हात, मधल्या सरीत भांगलताना तिचं खुरपं एका जागी गपकन आत गेलं. तिनं हात थांबवला. माती दोन बोटांनी बाजूला केली. मग उभी राहून ओरडली, "आण्णा!"

गणपती मोटरीपाशी होता. गुडघे दुखत असतानाही तो सऱ्या ओलांडत आला आणि मातीत बसला. एक दानवं होतं, बारीक, तांबूस, करंगळीएवढं. दोघं बघत राहिले. गणपतीचे डोळे भरून आले आणि ते त्यानं लपवलंही नाही.

"डबी आणतो," तो म्हणाला. "डेअरीत न्ह्यून दावतो सगळ्यांस्नी."

"नगा," ती म्हणाली. "जाग्यावर ऱ्हाऊ द्या. तोंडानं सांगा."

तिनं त्याच्यावर माती सारली आणि वर थोडं पाचट ओढलं. संध्याकाळी डेअरीत कुणीतरी सहज विचारलं, काय आण्णा, उंबरपट्टा काय म्हणतोय? गणपतीनं दुधाची किटली खाली ठेवली.

"एक दानवं घावलं," तो म्हणाला. "मदल्या सरीत. एकच."